कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की

कॉन्स्तान्तिन एदुआर्दोविच त्सिओल्कोव्स्की (१७ सप्टेंबर, १८५७ – १९ सप्टेंबर, १९३५) हे रशियन शाळाशिक्षक, स्वयंशिक्षित संशोधक आणि अंतराळप्रवासाच्या सिद्धान्ताचे एक आद्य प्रवर्तक होते. अग्निबाणाला मिळणारा वेग, त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग आणि बरोबर नेलेल्या इंधनाचे प्रमाण यांचा संबंध सांगणारे समीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड आणि ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेले जर्मन भाषक हेर्मान ओबेर्थ यांच्यासह त्यांची गणना अग्निबाणशास्त्राच्या जनकांमध्ये केली जाते.

त्सिओल्कोव्स्की यांनी स्वतःचा असा एकही अग्निबाण बांधून उडविला नाही. ते दहाव्या वर्षापासून जवळजवळ बहिरे होते, त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांनी लहान गावांतील शाळांत अंकगणित, भूमिती व भौतिकशास्त्र शिकविले. पत्रा, कागद, सरस आणि तार यांपासून घरी केलेली उपकरणे एवढीच बहुतेक काळ त्यांची प्रयोगशाळा होती. अग्निबाणाला पुढे जाण्यासाठी हवेचा आधार लागत नाही, ही गोष्ट त्यांनी अशा परिस्थितीत केवळ विचाराने व आकडेमोडीने सिद्ध केली.

== बालपण आणि बहिरेपण ==

त्यांचा जन्म रशियातील रिआझान प्रांतात इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. वडील एदुआर्द हे पोलिश वंशाचे असून वनखात्यात नोकरीला होते. आई मारिया युमाशेवा या रशियन होत्या. कुटुंब मोठे होते आणि मिळकत बेताची. कॉन्स्तान्तिन आठ वर्षांचा असताना आईने त्याला हायड्रोजन भरलेला एक छोटा फुगा दिला होता. वायूने भरलेली वस्तू आपोआप वर जाते, या गोष्टीशी त्यांची ओळख झाली ती या खेळण्यामुळे. पुढे आयुष्यातील बराच काळ त्यांनी हवाई जहाजाच्या कल्पनेवर खर्च केला, त्याचे मूळ काही चरित्रकार या फुग्यात शोधतात.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने (स्कार्लेट फीव्हर) त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी गेली. १८६८ मध्ये कुटुंब व्यात्का (सध्याचे किरोव) येथे राहावयास गेले. तेथील शाळेत त्यांचे नाव घालण्यात आले. परंतु शिक्षक काय बोलतात हेच ऐकू येत नसल्याने अभ्यासात ते मागे पडत गेले. १८७० मध्ये आईचे निधन झाले. १८७३ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि त्यानंतर कोणत्याही शाळेत वा महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून ते कधी बसले नाहीत. आपल्या बहिरेपणाने आपल्याला समवयस्कांपासून तोडले आणि त्याच कारणाने पुस्तकांकडे वळविले, असे त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनात नोंदविले आहे.

वडिलांच्या संग्रहात गणिताची व निसर्गविज्ञानाची थोडी पुस्तके होती. ती वाचून या मुलाने लाकूडकामाचे एक यंत्र, वाऱ्यावर चालणाऱ्या गाड्या आणि कोन मोजण्याचे एक साधन तयार केले. या साधनाने घरात बसूनच त्याने गावातील अग्निशामक दलाच्या मनोऱ्याचे अंतर काढले. ते ४०० आर्शिन, म्हणजे सुमारे २८४ मीटर आले. मग त्याने प्रत्यक्ष चालत जाऊन मोजणी केली, तेव्हा उत्तर तंतोतंत जुळले. सैद्धान्तिक ज्ञानावर आपला विश्वास बसला तो या दिवसापासून, असे ते पुढे सांगत. ज्या माणसाने पुढे कधीही न पाहिलेल्या प्रवासाची गणिते मांडली, त्याच्या बाबतीत हा प्रसंग महत्त्वाचा आहे.

== मॉस्को (१८७३–१८७६) ==

मुलाची बुद्धी ओळखून वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षी मॉस्कोला पाठविले. तेथील तंत्रविद्यालयात मात्र त्यांचे शिक्षण झाले नाही. तीन वर्षे ते चेर्तकोव ग्रंथालयात रोज जाऊन बसत आणि स्वतःच आखलेल्या क्रमाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व खगोलशास्त्र वाचीत. तेथील ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव हे स्वतः एक विलक्षण विचारवंत होते. मानवाने अन्य ग्रहांवर वस्ती करावी असा विचार त्यांच्या लेखनात आढळतो. या तरुण वाचकावर त्यांचा प्रत्यक्ष प्रभाव किती पडला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; त्यांनी त्याला पुस्तके मिळवून दिली एवढे मात्र निश्चित.

घरून दरमहा १० ते १५ रूबल येत. त्यांतील सुमारे ९० कोपेक ते काळ्या पावावर खर्च करीत आणि उरलेले पैसे पुस्तके, पारा, काचनळ्या व आम्ले यांवर. सांडलेल्या आम्लाने विजारीला भोके व डाग पडले होते आणि रस्त्यावरची मुले त्यावरून त्यांची थट्टा करीत. प्रकृती ढासळल्याचे कळताच वडिलांनी त्यांना १८७६ मध्ये परत बोलावून घेतले. व्यात्का येथे ते खासगी शिकवण्या करू लागले. अवघड विषय सोपा करून सांगणारा शिक्षक म्हणून त्यांचे नाव तेथेच प्रथम झाले.

तरुणपणीच्या या काळात त्यांनी एक फिरते यंत्र करून झुरळे व कोंबडीची पिल्ले त्यात फिरविली. वाढत्या वजनाचा सजीवांवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्या नोंदीनुसार झुरळाचे वजन ३०० पट आणि पिल्लाचे १० पट वाढविल्यावरही त्यांना इजा झाली नाही. अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी सोसाव्या लागणाऱ्या भाराचा विचार करणारा हा फार पूर्वीचा प्रयोग होय.

== बोरोव्स्क येथील शाळा ==

१८७९ मध्ये त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन शिक्षकाची पात्रता मिळविली आणि १८८० च्या आरंभी मॉस्कोच्या नैर्ऋत्येस असलेल्या बोरोव्स्क या गावी जिल्हा शाळेत अंकगणित व भूमितीचे शिक्षक म्हणून रुजू झाले. ज्या धर्मगुरूंच्या घरी ते भाड्याने राहत होते त्यांची कन्या वार्वारा सोकोलोवा यांच्याशी ऑगस्ट १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. लग्नाच्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्याकडून एक लेथ विकत घेतला आणि विद्युत्यंत्रासाठी काचा कापावयास बसले. वार्वारा यांनी पुढे पंचावन्न वर्षे हा संसार ओढला. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून उपकरणे व पुस्तिकांच्या छपाईचा खर्च निघाल्यावर जे उरेल त्यात सात मुलांचे घर चालवावे लागे. चरित्रांतून त्यांच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

बोरोव्स्कच्या घरात त्यांनी स्थिर विद्युत् निर्माण करणारे यंत्र बसविले होते. त्याच्या योगाने ठिणग्या उडत, घंटा वाजत, कागदी बाहुल्या नाचत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे दाखविण्यात त्यांना लहान मुलासारखी मौज वाटे. ते दिवे लावलेले मोठे पतंग रात्री उडवीत आणि गावकरी आकाशात नवाच तारा आला काय म्हणून पाहत राहत.

वर्गात त्यांची पद्धत प्रयोगावर आधारलेली होती. शाळेच्या कपाटातील जुनी उपकरणे ते स्वतः दुरुस्त करीत आणि नसलेली घरी बनवून आणीत. कागदाचा मोठा फुगा करून त्याच्या तळाशी तारेच्या जाळीत जळत्या काटक्या ठेवायच्या आणि गरम हवेने तो विद्यार्थ्यांसमवेत आकाशात सोडायचा, हा त्यांचा आवडता प्रयोग होता. फुग्याला दोरा बांधलेला असे. एकदा तो दोराच जळून तुटला आणि फुगा ठिणग्या टाकीत गावावरून जाऊन एका चांभाराच्या छपरावर उतरला. चांभाराने फुगा जप्त केला आणि शिक्षकावर तक्रार करण्याची भाषा केली. प्रयोग वर्गाबाहेर नेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही.

याच काळात त्यांनी वायूंच्या गतिज सिद्धान्तावर एक निबंध लिहून रशियन भौतिक-रसायन संस्थेकडे पाठविला. हे शोध सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच लागलेले आहेत, असे संस्थेकडून त्यांना कळले. दूरच्या गावात नवीन नियतकालिके पोहोचत नसल्याने जगाने पूर्वीच सोडविलेले प्रश्न ते पुन्हा एकट्याने सोडवीत होते. संस्थेने त्यांची हेटाळणी मात्र केली नाही. त्यांच्या पुढील निबंधावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ इवान सेचेनोव यांनी अनुकूल मत दिले आणि संस्थेने त्यांना सदस्यत्व देऊ केले.

== पिपाची कल्पना आणि सोड्याचा अग्निबाण ==

१८८३ मध्ये त्यांनी दैनंदिनीच्या स्वरूपात ‘मुक्त अवकाश’ हे टिपण लिहिले. ते त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. जेथे गुरुत्व जाणवत नाही आणि हवाही नाही, अशा ठिकाणी वस्तू कशा हलतील, हा त्यातील प्रश्न आहे. पायाखाली जमीन नाही, हाताशी भिंत नाही. मग जागचे हलायचे कसे? याचे उत्तर देताना त्यांनी एका पिपाची कल्पना मांडली. पिपात दाबाखाली वायू भरलेला आहे. त्याची तोटी उघडली की वायू एका दिशेने जोराने बाहेर पडेल आणि पीप विरुद्ध दिशेने सरकत राहील. तोटी ज्या बाजूला वळवावी त्याच्या उलट बाजूला पीप जाईल, म्हणजे त्याला हवी ती दिशाही देता येईल.

महाराष्ट्रातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी दिसणारा खाण्याच्या सोड्याचा अग्निबाण म्हणजे तत्त्वतः हेच पीप होय. प्लास्टिकच्या बाटलीत व्हिनेगर घ्यावे, कागदाच्या पुडीत बांधलेला सोडा आत टाकून तोंडाला घट्ट बूच बसवावे आणि बाटली पालथी उभी करावी. सोडियम बायकार्बोनेट व ॲसिटिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. एक लहान चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोड्यातून सामान्य तापमानाला सुमारे १.४ लिटर वायू निघतो. तो अर्ध्या लिटरच्या बाटलीत, तेही द्रव असताना, कोंडला गेल्याने दाब वाढत जातो. शेवटी बूच निसटते, आतील द्रव व वायू खाली फेकले जातात आणि बाटली वर उडते. (बूच निघण्यास उशीर झाला म्हणून बाटलीवर वाकून पाहणे धोक्याचे आहे. प्रयोग मोकळ्या जागेत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा.)

हा प्रयोग पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा असा समज होतो की, बाहेर पडणारे पाणी जमिनीला किंवा हवेला ढकलते आणि त्यामुळे बाटली उडते. हा समज केवळ मुलांचाच नाही. निर्वातात अग्निबाण चालणार नाही असे विसाव्या शतकाच्या आरंभी शिकलेली माणसेही मानीत आणि १९२० मध्ये एका मोठ्या अमेरिकी दैनिकाने गॉडर्ड यांची याच कारणावरून थट्टा केली होती. वस्तुतः बाटली ढकलते ती आपल्याच पोटातील द्रवाला व वायूला, आणि ते उलट बाटलीला ढकलतात. एका दिशेला गेलेला संवेग व दुसऱ्या दिशेला मिळालेला संवेग समान असतात. हवा असली तर ती उलट अडथळाच करते. त्सिओल्कोव्स्की यांच्या पिपाभोवती हवा नव्हती, म्हणूनच त्यांच्या मनात याविषयी संभ्रम राहिला नाही.

पुढील तेरा वर्षे मात्र हा विचार तसाच पडून राहिला. १८९६ मध्ये ए. पी. फ्योदोरोव यांची (ग्रंथपाल फ्योदोरोव वेगळे) हवेच्या आधाराविना उड्डाण करण्याविषयीची एक छोटी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. तीत आकडेमोड नव्हती आणि मांडणीही त्यांना अस्पष्ट वाटली. म्हणून त्यांनी स्वतःच हिशेब मांडावयास घेतला.

== कालुगा ==

बोरोव्स्क येथील शेवटची वर्षे धातूच्या हवाई जहाजाच्या कल्पनेत गेली. पन्हाळीदार पत्र्याचे, आकारमान कमी-जास्त करता येणारे असे हे जहाज होते. १८८७ मध्ये मॉस्को येथे त्यांनी याविषयी व्याख्यान दिले. त्याच वर्षी घराला आग लागून पुस्तके व हस्तलिखिते जळाली. १८९१ मध्ये रशियन तांत्रिक संस्थेने या योजनेला आर्थिक मदत नाकारली. हवाई जहाजावर त्यांनी अग्निबाणापेक्षा अधिक वर्षे घालविली आणि स्वतः ते याच कामाला फार महत्त्व देत. काळाने मात्र ते बाजूला ठेवले.

१८९२ मध्ये त्यांची बदली कालुगा येथे झाली आणि उर्वरित सर्व आयुष्य त्यांनी तेथेच काढले. १८९७ मध्ये त्यांनी घरी एक वातबोगदा तयार केला आणि हाताने चालविलेल्या वाऱ्याच्या झोतात कागदाचे निरनिराळे आकार ठेवून त्यांना होणारा विरोध मोजला. या कामासाठी १९०० मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना ४७० रूबल दिले.

१८९९ पासून ते कालुगा येथील धर्मप्रांताच्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. पत्र्याचे मोठे कर्णे करून ते कानाला लावीत. मुलींचे उंच स्वर त्यांना मुलग्यांच्या आवाजापेक्षा बरे ऐकू येत. या शाळेतील वर्षे आपल्या शिक्षकी आयुष्यातील सर्वांत समाधानाची होती, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. शाळा सुटल्यावर लेखन, सुट्टीत पत्र्याचे काम, आणि १९०२ पासून पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलेल्या सायकलवरून गावाबाहेर फेरफटका, असा त्यांचा क्रम होता.

== समीकरण आणि १९०३ चा निबंध ==

त्यांच्या हस्तलिखितांत अग्निबाणाच्या समीकरणावर १० मे १८९७ हा दिनांक आढळतो. शब्दांत ते असे मांडता येते:

वेगातील वाढ = बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग × नैसर्गिक लॉगॅरिदम (सुरुवातीचे वस्तुमान ÷ इंधन संपल्यावरचे वस्तुमान)

गुरुत्वाकर्षण व हवेचा विरोध यांत धरलेले नाहीत. समीकरण लहान असले तरी त्याचा निष्कर्ष कठोर आहे. अग्निबाणाला स्वतःच्या वायूइतकाच वेग हवा असेल, तर उड्डाणाच्या वेळी त्याच्या एकूण वस्तुमानात सुमारे ६३ टक्के इंधन असले पाहिजे. दुप्पट वेगासाठी हे प्रमाण ८६ टक्के होते आणि तिप्पट वेगासाठी ९५ टक्के. वेग पायरीपायरीने वाढतो, पण त्यासाठी लागणारे इंधन गुणाकाराने वाढत जाते. म्हणून नुसते मोठे अग्निबाण बांधून भागत नाही. वायू अधिक वेगाने बाहेर टाकणारे इंधन शोधावे लागते, किंवा रिकामा झालेला भाग वाटेतच टाकून द्यावा लागतो. सोड्याच्या बाटलीला हे समीकरण ढोबळमानानेच लागू पडते, कारण दाब उतरत गेल्याने तिच्यातील द्रवाचा वेग क्षणाक्षणाला कमी होत असतो. तरीही व्हिनेगर कमी-अधिक करून बाटली किती उंच जाते हे पाहिल्यास विद्यार्थ्यांना मूळ मुद्दा कळतो: फारच थोडे व्हिनेगर घेतले तर फेकण्यास वस्तुमान उरत नाही, आणि काठोकाठ भरले तर वायू साठण्यास जागा उरत नाही.

अशाच स्वरूपाचे गणित इंग्लंडमधील विल्यम मूर यांनी १८१३ च्या आपल्या ग्रंथात युद्धातील अग्निबाणांसंबंधी केले होते, हे पुढे लक्षात आले. पृथ्वी सोडून जाण्याच्या प्रश्नाला हे गणित लावणे, हे त्सिओल्कोव्स्की यांचे वेगळेपण होय.

१९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘नाउच्नोये ओबोझ्रेनिये’ (वैज्ञानिक समालोचन) या मासिकात त्यांचा ‘प्रतिक्रिया-यंत्रांच्या साहाय्याने विश्व-अवकाशाचे संशोधन’ हा निबंध प्रसिद्ध झाला. दारूच्या अग्निबाणाऐवजी द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन वापरावे, बाहेर पडणाऱ्या झोतात पाती बसवून दिशा बदलावी, यानाचे स्थैर्य भिंगरीच्या तत्त्वाने राखावे, असे विचार त्यात आहेत. राईट बंधूंचे विमान याच वर्षाच्या डिसेंबरात प्रथम उडाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या निबंधाचे धाडस कळते. निबंध प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत मासिकाचे संपादक मिखाईल फिलिप्पोव यांचा अकस्मात मृत्यू झाला आणि मासिक बंद पडले. निबंध फारसा कोणी वाचला नाही.

घरातही तो काळ कठीण होता. १९०२ च्या अखेरीस मॉस्को विद्यापीठात शिकणारा थोरला मुलगा इग्नाती याने आत्महत्या केली. १९०८ मध्ये ओका नदीच्या पुराचे पाणी घरात शिरून पुष्कळ कागद नष्ट झाले. १९११ मध्ये कन्या ल्युबोव हिला क्रांतिकारक चळवळीतील सहभागावरून अटक झाली. पुढे १९२३ मध्ये दुसरा मुलगा अलेक्सान्द्र यानेही आत्महत्या केली. सात अपत्यांपैकी पाच त्यांच्या हयातीतच गेली.

१९११–१२ मध्ये विमानविद्येला वाहिलेल्या एका नियतकालिकात निबंधाचा दुसरा भाग आला आणि या वेळी लोकांचे लक्ष गेले. याकोव पेरेलमान यांच्या ग्रहांतरीच्या प्रवासावरील १९१५ च्या लोकप्रिय पुस्तकाने हे विचार सामान्य वाचकांपर्यंत नेले.

== क्रांतीनंतर ==

रशियन राज्यक्रांतीनंतरची पहिली वर्षे हलाखीची होती. नोव्हेंबर १९१९ मध्ये राजकीय संशयावरून त्यांना अटक करून मॉस्कोच्या लुब्यान्का तुरुंगात ठेवण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. १९२० मध्ये ते शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढील वर्षी सरकारने त्यांना आजन्म निवृत्तिवेतन मंजूर केले.

१९२३ मध्ये हेर्मान ओबेर्थ यांचे ग्रहांकडे जाणाऱ्या अग्निबाणावरील पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले. त्याची बातमी रशियात पोहोचताच, हे काम आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच झाले आहे, हे दाखविण्याची निकड निर्माण झाली. कालुगा येथील तरुण मित्र अलेक्सान्द्र चिझेव्स्की यांच्या जर्मन प्रस्तावनेसह १९०३ चा निबंध १९२४ मध्ये पुन्हा छापण्यात आला. ओबेर्थ यांच्याशी पुढे त्यांचा स्नेहपूर्ण पत्रव्यवहार झाला. योगायोग असा की, ओबेर्थही त्या वेळी ट्रान्सिल्व्हेनियातील शाळेत शिकवीत होते. दरम्यान गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद चालला आणि सुमारे साडेबारा मीटर उंच गेला.

१९२९ मध्ये त्सिओल्कोव्स्की यांनी ‘वैश्विक अग्निबाण-गाड्या’ ही पुस्तिका काढली. आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक जोडलेले अग्निबाण आपले इंधन संपताच गळून पडतात आणि अखेरचा भाग आवश्यक वेग गाठतो, असा तिचा विषय आहे. समीकरणाने घातलेल्या मर्यादेतून त्यांनी काढलेली ही वाट होती आणि आजचे सर्व प्रक्षेपक याच तत्त्वावर चालतात. ओदेसा येथील एका शाळकरी मुलाने १९२३ मध्ये त्यांना पत्र पाठवून पुस्तके मागविली होती. वालेन्तिन ग्लुश्को हे त्याचे नाव. सोव्हिएत अवकाशयानांची इंजिने पुढे त्याने घडविली.

१७ ऑगस्ट १९३३ रोजी मॉस्कोजवळ नाखाबिनो येथे मिखाईल तिखोनरावोव यांनी आराखडा केलेला पहिला सोव्हिएत संमिश्र-इंधन अग्निबाण सुमारे ४०० मीटर उंच गेला. पुढील वर्षी तिखोनरावोव कालुगा येथे जाऊन वृद्ध त्सिओल्कोव्स्की यांना भेटले.

== इतर लेखन आणि मतभेद ==

चंद्रावरील जीवनाची विज्ञानकथा (१८९३), ‘पृथ्वी व आकाश यांविषयीची स्वप्ने’ (१८९५) आणि ‘पृथ्वीच्या बाहेर’ (१९२०) ही त्यांची ललित अंगाने लिहिलेली पुस्तके आहेत. पृथ्वीवरून अवकाशापर्यंत उंच मनोरा उभारण्याची कल्पना १८९५ च्या लेखनात येते. तत्त्वज्ञानावरील त्यांच्या पुस्तिका मात्र आज वाचताना अडखळायला होते. प्रत्येक अणूला संवेदना असते असे ते मानीत. अपूर्ण वाटणाऱ्या माणसांची संतती थांबवून मानवजात सुधारावी, अशा स्वरूपाचे विचारही त्यांत आहेत. स्वतः अपंगत्व सोसलेल्या माणसाने असे लिहावे हे विसंगत वाटते. सोव्हिएत काळातील चरित्रांनी हा भाग बहुधा गाळला.

झारच्या राजवटीत सर्वस्वी उपेक्षित राहिलेला आणि क्रांतीने उजेडात आणलेला प्रतिभावंत, हे त्याच चरित्रांतील चित्रही अपुरे आहे. सेचेनोव यांचा अभिप्राय, अकादमीचे अनुदान आणि १९१७ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तिका व लेख यांवरून त्यांना काही प्रमाणात दाद मिळत होती हे उघड आहे. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे दारे बंद होत, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू जमेस धरूनच त्यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

== मृत्यू आणि स्मारके ==

१९३२ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रेड बॅनर ऑफ लेबर’ हा सन्मान देण्यात आला. अंतराळप्रवासावरील एका मूकपटासाठी त्यांनी सल्लागार म्हणून काम केले व वजनरहित अवस्थेतील माणसांची रेखाटने काढून दिली. हा चित्रपट १९३६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. १९ सप्टेंबर १९३५ रोजी पोटाच्या कर्करोगाने कालुगा येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले सर्व लेखन साम्यवादी पक्ष व सोव्हिएत सरकार यांच्या स्वाधीन केले होते.

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १७ सप्टेंबर १९५७ रोजी मॉस्को येथे झालेल्या सभेत सर्गेई कोरोल्योव यांनी भाषण केले. त्यानंतर अठरा दिवस उलटण्याच्या आतच, ४ ऑक्टोबरला, कोरोल्योव यांच्या पथकाने स्पुत्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. १९५९ मध्ये लूना ३ या यानाने चंद्राच्या पलीकडील बाजूची पहिली छायाचित्रे पाठविली, त्यांत दिसलेल्या एका मोठ्या विवराला त्सिओल्कोव्स्की यांचे नाव देण्यात आले. कालुगा येथे त्यांच्या नावाचे अंतराळविद्या संग्रहालय १९६७ मध्ये सुरू झाले. त्याची पायाभरणी १९६१ मध्ये युरी गागारिन यांनी केली होती. ओका नदीजवळचे त्यांचे राहते घर १९३६ पासून संग्रहालय म्हणून जतन केलेले असून तेथे त्यांची कामाची खोली, हवाई जहाजाच्या प्रतिकृती आणि कानाला लावावयाचे पत्र्याचे कर्णे पाहावयास मिळतात.